एसी दर पाच मिनिटांनी बंद-चालू होतोय? गॅस भरण्याआधी हे तपासा

प्रश्न थोडक्यात असा आहे. दीड टनाचा साधा, म्हणजे नॉन-इन्व्हर्टर स्प्लिट एसी. मागच्या महिन्यात सर्व्हिसिंग झालं आणि तेव्हापासून बाहेरचं युनिट पाच-सहा मिनिटं चालतं, बंद पडतं, तीन-चार मिनिटांनी परत सुरू होतं. खोली धड गार होत नाही. आलेल्या मेकॅनिकचं म्हणणं, गॅस कमी झालाय, भरून घ्या. भरावा का?

लगेच भरू नका. गॅस कमी असूही शकतो, पण तुम्ही जे लिहिलंय त्यात गॅसकडे बोट दाखवणारं फारसं काही नाही. उलट दोन गोष्टी वेगळंच सांगतायत: त्रास सर्व्हिसिंगनंतर सुरू झाला, आणि बंद राहण्याचा वेळ दर वेळी तीन-चार मिनिटांचाच आहे. या दुसऱ्या गोष्टीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. एसी किती वेळ चालला हे सगळे सांगतात, किती वेळ बंद राहिला हे कुणी बघत नाही. आणि निदान बऱ्याचदा त्या बंद वेळातच असतं.

आधी बिघाड नसलेलं चालू-बंद कसं असतं ते बघू. साध्या एसीच्या कॉम्प्रेसरला, म्हणजे बाहेरच्या युनिटमधल्या गॅस दाबणाऱ्या पंपाला, दोनच अवस्था माहीत: पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद. रिमोटवर लावलेलं तापमान आलं की तो थांबतो, एक-दोन अंश वर गेलं की परत लागतो. हवा फार गरम नसेल तर पंधरा-वीस मिनिटं चालून साधारण तेवढाच थांबणं अगदी ठीक. कडक उन्हाच्या दुपारी तासभर थांबलाच नाही तरी तेही ठीक. इन्व्हर्टर एसीत कॉम्प्रेसर थांबण्याऐवजी हळू होतो, बाहेरचा आवाज जवळजवळ ऐकू येत नाही आणि लोक समजतात बंद पडला. खोली गार असेल तर तिकडे बघायचंही कारण नाही. खोली गरम असताना कॉम्प्रेसर पाच मिनिटांत थांबतोय, तर मात्र काहीतरी चुकतंय.

हे असंच चालू दिलं तर नुसतं वीजबिल वाढतं असं नाही. सुरू होताना साधा कॉम्प्रेसर त्या क्षणापुरता नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो, त्यामुळे त्याच्या मोटरचं वाइंडिंग (तारांचं वेटोळं) तापतं. दर स्टार्टला थोडं तेल गॅसबरोबर पाइपमध्ये जातं आणि ते फिरून परत यायला काही मिनिटं लागतात; ते यायच्या आत मशीन थांबलं की कॉम्प्रेसर कमी तेलावर राहतो. शिवाय हवेतला दमटपणा जात नाही. पहिली काही मिनिटं आतली कॉइल (हवा गार करणाऱ्या नळ्या-पत्र्यांचा संच) नुसती ओली होत असते, पाणी ड्रेन पाइपपर्यंत पोचतच नाही. तेवढ्यात कॉम्प्रेसर थांबतो आणि आतला पंखा तेच पाणी वाफेच्या रूपात परत खोलीत सोडतो. 'गार वाटतं पण चिकट वाटतं' ही तक्रार अशा एसीत हमखास येते.

आता घड्याळ, कागद, पेन घ्या. रिमोटवर कूल मोड, तापमान 18, पंखा हाय. टायमर, स्लीप, इको असलं सगळं बंद. दारं-खिडक्या लावा. एक माणूस आत, एक माणूस बाहेरचं युनिट सुरक्षितपणे दिसेल अशा जागी. खिडकीतून वाकून बघायचं नाही. दोन-तीन फेऱ्यांच्या वेळा लिहा: कॉम्प्रेसर कधी लागला, कधी थांबला, परत कधी लागला. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉम्प्रेसर थांबला तेव्हा बाहेरचा पंखा फिरत होता का, आणि आतल्या युनिटचा दिवा चालू होता का.

बाहेरचा पंखा महत्त्वाचा का, ते सांगतो. बहुतेक साध्या स्प्लिटमध्ये कॉम्प्रेसर आणि बाहेरचा पंखा दोघांनाही वीज आतल्या पीसीबीवरच्या, म्हणजे एसी चालवणाऱ्या सर्किट बोर्डवरच्या, एकाच रिलेमधून (विजेवर चालणाऱ्या स्विचमधून) जाते. पीसीबीने 'बस' म्हटलं की दोघंही एकदम थांबतात. पण कॉम्प्रेसरचा स्वतःचा एक रखवालदार असतो, ओव्हरलोड प्रोटेक्टर. कॉम्प्रेसर फार तापला किंवा फार करंट ओढायला लागला की तो फक्त कॉम्प्रेसर तोडतो. पंखा मात्र फिरत राहतो. म्हणजे दोघं एकदम थांबले तर हुकूम आतून आला किंवा वीज गेली. पंखा फिरतोय आणि कॉम्प्रेसर गप्प, तर बहुतेक ओव्हरलोड. इन्व्हर्टरला हा नियम लावू नका, तिथे बाहेर वेगळा पीसीबी असतो आणि तो पंखा आपल्या मर्जीने चालवतो. त्या मशीनमध्ये डिस्प्लेवरचा एरर कोड किंवा दिव्याची उघडझाप टिपून घेणं जास्त कामाचं.

बंद वेळेचं गणितही याच्याशीच जुळतं. पीसीबीमध्ये साधारण तीन मिनिटांची थांबण्याची वेळ बसवलेली असते. कॉम्प्रेसर थांबल्यावर एका बाजूला जास्त दाब, दुसऱ्या बाजूला कमी दाब राहतो. दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या बारीक नळीतून, म्हणजे कॅपिलरीतून, तो समान व्हायला वेळ लागतो. तसाच जास्त दाबाच्या विरुद्ध स्टार्ट दिला तर कॉम्प्रेसर फिरत नाही, नुसता हूं करतो. म्हणून सारखा रिमोट दाबून बंद-चालू करू नका, तसं करून उपयोग काहीच होत नाही. तर, दर वेळी तीन-चार मिनिटांत परत लागतोय याचा अर्थ पीसीबीने थांबवला आणि पीसीबीनेच वेळ संपल्यावर परत लावला. ओव्हरलोड इतक्या लवकर परत येत नाही. तापलेलं लोखंड निवायला वेळ घेतं. पंधरा मिनिटं, अर्धा तास, ओव्हरलोड कॉम्प्रेसरच्या आत असेल तर कधी त्याहून जास्त. आणि वेळांना काही धरबंदच नसेल, कधी दोन मिनिटं, कधी वीस, तर मी आधी व्होल्टेज आणि सैल जोडण्या बघतो.

तुमच्या वर्णनावरून पीसीबीच थांबवतोय असं धरून चालू. आता प्रश्न एवढाच की पीसीबीला असं काय दिसतंय.

खोली 30 अंशांवर असताना पीसीबीला 17 दिसत असेल तर तो बिचारा बरोबरच वागतोय. त्याला तापमान सांगतो तो रूम सेन्सर. आतल्या युनिटचं पुढचं झाकण वर करून जाळ्या काढल्या की कॉइलच्या पुढे, बहुतेक मॉडेलमध्ये उजव्या बाजूला, बारीक वायरच्या टोकाला तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा काळा मणी दिसतो. तो प्लास्टिकच्या छोट्या क्लिपमध्ये, कॉइलपासून सुटा, खोलीतून आत ओढल्या जाणाऱ्या हवेत असायला हवा. सर्व्हिसिंग करताना कॉइल धुवायची म्हणून ही क्लिप सोडवतात. परत लावताना घाई झाली की मणी क्लिपच्या बाहेर राहतो आणि थेट कॉइलच्या पत्र्यांवर टेकतो. कॉम्प्रेसर लागला की कॉइल काही मिनिटांत गार होते, तिला टेकलेला मणीही गार, पीसीबीला वाटतं खोली गार झाली. कॉम्प्रेसर बंद. आतला पंखा चालूच असतो, मणी परत गरम होतो, तीन मिनिटांनी सगळं पहिल्यापासून. सर्व्हिसिंगनंतर सुरू झालेल्या पाच मिनिटांच्या चक्राचं हे मी पाहिलेलं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, आणि त्याची दुरुस्ती म्हणजे मणी उचलून क्लिपमध्ये बसवणं. मात्र झाकण उघडण्याआधी एमसीबी बंद करायचा, नुसता रिमोट नव्हे.

तिथेच दुसरा सेन्सर असतो, तांब्याच्या बारीक नळीत बसवलेला. तो कॉइलच्या खिशात खोचलेला असतो आणि कॉइल गोठायला लागली तर कॉम्प्रेसर थांबवतो. कधीकधी या दोघांच्या जागांची अदलाबदल झालेली असते, तेही बघा. हातात मल्टिमीटर असेल तर सेन्सरचा प्लग पीसीबीवरून काढून रोध मोजता येतो. बऱ्याच एसींत तो 25 अंशांना 10 किलोओम असतो, काहींत 5. तापमान वाढलं की रोध कमी होतो. मणी मुठीत धरला की आकडा सलग खाली उतरायला हवा. उड्या मारत असेल, किंवा सामान्य खोलीत 10 च्या जागी 16-17 किलोओम दाखवत असेल, तर सेन्सर पीसीबीला पंधरा अंशांच्या आसपासची खोली सांगतोय. बदलायचा. त्याच रोधाचा घ्यायचा, 'चालतंय' म्हणून दुसरा नाही.

मणी जागेवर असूनही त्याला खोटी हवा मिळत असू शकते. युनिटसमोर जाड पडदा, वर चिकटून कपाट, किंवा हवेची दिशा ठरवणाऱ्या पट्ट्या वरच्या बाजूला वळलेल्या: बाहेर पडलेली गार हवा खोलीत न जाता तशीच वरून परत आत ओढली जाते. पट्ट्या खाली करून पाच मिनिटं बघितलं की कळतं. रिमोटमध्येच सेन्सर असणारं 'आय फील' किंवा 'फॉलो मी' चालू असेल आणि रिमोट एसीच्या झोतातच ठेवलेला असेल, तरी तोच प्रकार. हे बटण मुलांच्या हातून कधी दाबलं गेलं हे घरातल्या कुणाला माहीत नसतं.

सेन्सर ठीक असेल तर मग गोठणं. कॉम्प्रेसर थांबल्याबरोबर टॉर्च मारून जाळीमागची कॉइल बघा. बर्फ कसा धरलाय यावरून बरंच कळतं. सगळ्या कॉइलवर सारखा पसरलेला बर्फ म्हणजे हवा कमी पडतेय: जाळी भरलेली, कॉइल भरलेली, किंवा आतला ब्लोअर, म्हणजे खोलीत हवा फेकणारा लांब पंखा. जाळ्या स्वच्छ असतात आणि ब्लोअरच्या वळणदार पात्यांमध्ये काळा थर घट्ट बसलेला असतो, हे फार वेळा होतं. जाळी धुऊन 'सर्व्हिस झाली' म्हणणाऱ्याने ब्लोअर पाहिलेलाच नसतो. बोट फिरवलं की कळतं, अर्थात वीज बंद असताना. याउलट कॉइलच्या एकाच टोकाला, जिथे गॅस आत येतो तिथल्या दोन-चार नळ्यांवरच बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी, तर गॅसचा संशय घ्यायला जागा आहे. बर्फ सुरीने खरवडू नका, नळी फुटली तर लहानशा दुरुस्तीचं मोठं काम होईल. नुसता फॅन मोड लावून वितळू द्या.

तुमच्या टिपणात 'पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर गप्प, अर्ध्या तासाने परत' असं आलं, तर वरचं सगळं सोडा आणि बाहेर जा. बाहेरच्या कॉइलला उष्णता टाकता येत नाहीये. लोक पुढची गोल जाळी बघतात आणि म्हणतात स्वच्छ तर आहे. हवा पुढून बाहेर पडते. आत ओढली जाते ती मागून आणि बाजूने. म्हणजे घाण भिंतीकडच्या बाजूला, जी दिसतच नाही. कॉइल दोन थरांची असेल तर धूळ दोन थरांच्या मधे गादीसारखी बसते आणि वरून हात फिरवला तरी कळत नाही. वीज तोडून, झाकण काढून, आतून बाहेरच्या दिशेने साध्या दाबाच्या पाण्याने धुवायची. जोरदार जेट जवळून मारला की फिन्स (कॉइलचे पातळ पत्रे) दुमडतात आणि हवा कायमची अडते. युनिट बंद जाळीच्या कप्प्यात असेल किंवा समोर हातभर अंतरावर भिंत असेल, तर स्वतःचीच गरम हवा ते परत ओढतं. त्याला धुण्याने उपाय नाही, जागा मोकळी करावी लागते.

बाहेरचा पंखा फिरतोय पण मंद फिरतोय, हे डोळ्यांना पटकन कळत नाही. समोर हात धरा, जोरदार आणि स्पष्ट गरम झोत लागला पाहिजे. झोत मरतुकडा असेल तर पंख्याचा कपॅसिटर (मोटर सुरू करायला आणि चालवायला मदत करणारा डबीसारखा भाग) किंवा मोटरचं बेअरिंग. कपॅसिटरवर मायक्रोफॅरडचा आकडा छापलेला असतो, पंख्याचा एक आकडी किंवा थोडा वर, कॉम्प्रेसरचा साधारण 25 ते 60. छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी उतरला की मी बदलतो, डोकं फुगलेला असेल तर मोजतही नाही. हे काम घरी करू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. कॉम्प्रेसरचा कपॅसिटर गेला असेल तर लक्षण वेगळं असतं: कॉम्प्रेसर चालून थांबत नाही, तो लागतच नाही. काही सेकंद हूं, मग टक, बराच वेळ शांतता, परत हूं. असं ऐकू आलं की एमसीबी पाडून ठेवा. तसंच ताटकळत ठेवलं तर स्वस्त कपॅसिटरपायी कॉम्प्रेसर जातो.

विजेचं थोडक्यात. कॉम्प्रेसरबरोबर आतला दिवा किंवा डिस्प्लेसुद्धा विझत असेल, तर एसीला पुरवठाच मिळत नाहीये. स्टॅबिलायझर असेल तर तो व्होल्टेज कमी-जास्त झाल्यावर तोडतो आणि त्याचीही काही मिनिटांची थांबण्याची वेळ असते, त्यामुळे चक्र सेन्सरच्या चक्रासारखंच दिसतं. फरक फक्त त्या विझलेल्या दिव्याचा. व्होल्टेज कॉम्प्रेसर चालू असताना मोजायचं, बंद असताना 230 दिसून काही सिद्ध होत नाही. प्लग किंवा एमसीबी हाताला गरम लागत असेल, जळकट वास येत असेल, तर आधी इलेक्ट्रिशियन, मग एसीवाला. एमसीबी स्वतःहून पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करत बसू नका.

एसी नवा असल्यापासूनच असं करत असेल आणि खोली खरंच पटकन गार होत असेल, तर तो खोलीला मोठा आहे. एक टन म्हणजे तासाला 12,000 बीटीयू, साधारण साडेतीन किलोवॉट गारवा. लहान खोलीला दोन टन बसवले तर यापेक्षा वेगळं काही होणार नाही. पंखा लोवर ठेवा, दमट दिवसांत ड्राय मोड वापरा. तुमचा महिन्याभरापूर्वीपर्यंत नीट चालत होता, त्यामुळे हे तुम्हाला लागू नाही.

आता गॅस. तो पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत तोच फिरतो. कमी झाला म्हणजे गळला, आणि गळला म्हणजे कुठेतरी जागा आहे. फ्लेअर नटच्या (पाइप युनिटला जोडणाऱ्या पितळी नटच्या) आसपास तेलकट, धूळ धरलेला डाग ही त्याची पहिली खूण, त्यावर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. दुसरी खूण बाहेरच्या युनिटला लागणाऱ्या दोन पाइपांवर: एसी पंधरा मिनिटं चालल्यावर जाड पाइप गार आणि घामेजलेला असावा. तो कोमट-कोरडा आणि बारीक पाइपावर बर्फ, तर गॅस कमी असण्याची शक्यता बरीच आहे.

तुमच्या मेकॅनिकने गॅसचा दाब मोजणारं गेज लावलं तेव्हा कॉम्प्रेसर चालू होता का, हे विचारा. बंद मशीनमध्ये दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि तो फक्त तापमानावर ठरतो. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी भरलेल्या आणि अर्ध्या मशीनचा आकडा एकच येतो. चालू मशीनवरही आकडा गॅसच्या प्रकाराप्रमाणे बदलतो: आर-22 ला कमी दाबाची बाजू साधारण 60 ते 70 पीएसआय, आर-410ए ला त्याच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय कॉइल घाण असेल किंवा हवा कमी असेल तर गॅस पुरेसा असूनही आकडा खाली येतो. अशा मशीनमध्ये वरून गॅस टाकला की कॉइल स्वच्छ झाल्यावर तो जास्त ठरतो, बाहेरचा दाब चढतो आणि मग कॉम्प्रेसर ओव्हरलोडवर पडायला लागतो. एका दुखण्याची दोन दुखणी. म्हणून गॅसचा निकाल सेन्सर, हवा आणि बाहेरची कॉइल पाहून झाल्यावर.

आणि कुणीही 'सेन्सर डायरेक्ट करून देतो' किंवा 'ओव्हरलोड बायपास करतो' म्हटलं तर नको सांगा. चक्र थांबेल, पण काही दिवसांत कॉम्प्रेसर जळालेला असेल.

भरायचाच ठरला तर नुसता टॉप-अप घेऊ नका. आधी गळती शोधून दुरुस्त, मग नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते पाहणं, मग व्हॅक्युम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढून दाब 500 मायक्रॉनच्या (व्हॅक्युम मोजायचं एकक) खाली, आणि शेवटी नेमप्लेटवर लिहिलेल्या ग्रॅमइतका गॅस वजनकाट्यावर मोजून. पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तर कंपनीने सांगितलेली जादा मात्रा त्यात मिळवायची. गॅस आर-32 असेल तर तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे खिडक्या उघड्या आणि गॅस पूर्ण काढल्याशिवाय नळीला ब्रेझिंगची, म्हणजे नळ्या जोडण्याची, ज्योत लागता कामा नये. काम झाल्यावर मेकॅनिक घरात असतानाच अर्धा तास एसी 18 वर चालवा आणि मघाच्याच कागदावर परत वेळा लिहा. तेच पाच मिनिटांचं चक्र आलं, तर पैसे देण्याआधी त्याच्याकडून झाकण उघडून घ्या आणि तो काळा मणी कुठे आहे ते दोघांनी मिळून बघा.